पेरूची जेली घट्ट का होत नाही? (घरचे जॅम, जेली, मुरंबे)

अबोली | ६ जानेवारी, रात्री ९:१०

मंडळी, मदत हवी आहे. सासवडजवळच्या एका ओळखीच्या बागेतून ३ किलो पेरू आले. पांढऱ्या गराचे, घरभर वास. खाऊन संपेनात म्हणून जेली करायला घेतली. फोडी शिजवल्या, फडक्यात बांधून चांगल्या पिळल्या, रसाइतकीच साखर घातली आणि मंद आचेवर दीड तास आटवलं. रंग सुरेख आला, पण दुसऱ्या दिवशी बघते तर सहाही बाटल्यांत दाट सरबत.

आई ही जेली दर हिवाळ्यात करायची. तेव्हा आमच्याकडे ना थर्मामीटर होता ना जेली घट्ट करणारी पेक्टिनची पावडर. बाटली ताटलीत उलटी केली की जेली बाटलीचाच आकार घेऊन उभी राहायची. सुरीने कापली की कड सरळ, आणि उजेडात धरली की लाल काच. ताटली हलवली तर थरथरायची, पण ओघळायची नाही. आई आता नाही आणि तिच्या वहीत एवढंच लिहिलंय: "पेरू, साखर, लिंबू. अंदाजाने."

तो अंदाज काय असेल, आणि या सहा बाटल्यांचं काही होऊ शकेल का? तुमच्या घरचे जॅम-मुरंब्याचे अनुभवही लिहा.

चुलीपाशी | रात्री ९:२५

पेरू किती पिकलेले होते? आणि लिंबू घातलं होतंस का?

अबोली | रात्री ९:३१

अगदी पिकलेले, बोट लावलं की दबणारे. लिंबू साखर घालताना अर्धंच घातलं, आंबट होईल असं वाटलं.

बागवाले_काका | रात्री १०:०४

अबोली, मी कृषी महाविद्यालयात फळप्रक्रिया शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमची जेली का फसली ते तुमच्या पोस्टमध्येच लिहिलेलं आहे.

जेलीला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन फळातच असतं, पण फळ पूर्ण पिकलं की त्याचे तुकडे पडायला लागतात. ज्या पेरूचा वास घरभर सुटतो तो खायला उत्तम, जेलीला अपुरा. म्हणून नुकते पिवळे होऊ लागलेले, करकरीत पेरू जास्त घ्यायचे आणि वासासाठी त्यात थोडे पिकलेले. मी चारास एक घेतो.

दुसरं, साखर पडल्यावर मंद आचेवर दीड तास. जे काही पेक्टिन होतं तेही इतक्या वेळात मोडलं. साखर विरघळली की गॅस मोठा करायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत संपवायचं. म्हणूनच एका वेळी लिटरभराहून जास्त रस घेऊ नये. पातेलं पसरट हवं आणि स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ आंबट रसाला चालत नाही.

तिसरं, फडकं पिळलंत. पिळल्याने गर उतरतो आणि जेली गढूळ होते. पुरचुंडी रात्रभर टांगून ठेवायची, थेंब थेंब गळू द्यायचं.

आता साखर किती, हा खरा प्रश्न. तुमच्या आईंचा अंदाज बहुधा इथेच होता. तो रस बोटांत धरून बघितला की हाताला कळतो, पण तसा हात तयार व्हायला वर्षं लागतात. आपल्यासाठी सोपी चाचणी आहे. पूर्ण गार झालेला १ छोटा चमचा रस काचेच्या पेल्यात घ्या. त्यात ३ छोटे चमचे सर्जिकल स्पिरिट कडेने सोडा, पेला हलकेच फिरवा आणि मिनिटभर थांबा. रसाची एकच घट्ट गुठळी झाली तर पेक्टिन भरपूर, साखर रसाइतकी. दोन-चार गुठळ्या झाल्या तर साखर पाऊणपट. बारीक कण दिसले तर निम्मी, किंवा तो रस आणखी आटवून पुन्हा चाचणी. हे मिश्रण चाखायचं नाही, लगेच ओतून द्यायचं. स्पिरिट विषारी असतं. पेला साबणाने धुवा.

तुमच्या रसात बारीक कणच दिसले असते आणि तुम्ही साखर घातलीत बरोबरीने.

घनु | रात्री १०:१५

काका, उद्या औषधांच्या दुकानात "जेलीसाठी स्पिरिट द्या" म्हणून सांगतो. दुकानदाराचा चेहरा बघायला कोण कोण येतंय? 😀

(चाचणी मात्र एक नंबर. वाचनखूण साठवली.)

माजघर | ७ जानेवारी, सकाळी ७:४०

काकांचा मान राखून वेगळं मत मांडते. आमच्या आज्या-पणज्यांनी स्पिरिट कधी पाहिलं नाही, तरी त्यांचे मुरंबे दोन-दोन वर्षं टिकले. सगळी मदार पाकावर. साखरांब्याला कैरीचा कीस पारदर्शक होईपर्यंत, आणि पाक दोन तारी. गुळांब्याला त्याहून थोडा कमी, कारण गूळ गार झाल्यावर आणखी आळतो. चिमटीत पाक धरून बोटं लांब करायची, तार तुटली नाही की उतरवायचं. मी पेरूची जेलीसुद्धा तार बघूनच करते आणि ती जमते.

बागवाले_काका | सकाळी ८:२०

माजघरताई, तुमची जेली जमते ती तुम्ही पेरू चांगले निवडता म्हणून. तार साखर किती झाली ते सांगते, पेक्टिन किती ते सांगत नाही. अबोलींच्या सरबताचीही आज छान तार निघेल. मुरंब्यात फोडीला आकार असतो, पाक पातळ राहिला तरी बिघडत नाही. जेलीला आकार फक्त पेक्टिनचा. त्यामुळे मुरंब्याचा नियम मुरंब्याला सोळा आणे खरा, जेलीला अर्धाच.

माजघर | सकाळी ८:५२

हे पटलं. मी करवंदं, आवळा, पेरू अशीच फळं घेत आले, त्यामुळे फरक कधी जाणवला नसावा. एकदा अननसाचा जॅम केला होता, तो मात्र तार येऊनही वाहत होता. आज कारण कळलं.

टेबललँड | सकाळी ११:३०

पाचगणीहून. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीच स्ट्रॉबेरी. स्वीट चार्ली, विंटर डॉन, नाभिला, ज्या जातीची मिळेल त्या जातीचा जॅम घरात होतोच. १९५९ साली किशोर व्होरा यांनी मॅप्रो सुरू केली ती याच गावात, त्यामुळे जॅम हा इथे घरोघरी बोलण्याचा विषय.

मला सांगायचंय ते थर्मामीटरबद्दल. तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतला. पुस्तकात लिहिलेलं, १०५ अंशांना जॅम तयार. मी १०५ ची वाट बघत बसले आणि जॅम इतका कडक झाला की चमचा आत जाईना, वर जळकट चव. दुसऱ्यांदाही तेच. मग एका शेजाऱ्यांनी सांगितलं की आधी नुसतं पाणी उकळून बघा. पाणी ९६ च्याही आत उकळायला लागलं! आपण समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहोत, इथे सगळंच कमी तापमानाला उकळतं. आकडा पाठ करायचा नाही, आपल्या घरी पाणी जिथे उकळतं त्याच्या साडेचार अंश वर थांबायचं. माझ्या स्वयंपाकघरात ते १०० येतं. पुण्यात पाणी साधारण ९८ ला उकळतं, म्हणजे अबोली, तुझं १०२ ते १०३.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमीच. मी किलोला दोन लिंबांचा रस आणि एक आंबट सफरचंद सालासकट किसून घालते. फळं साखरेत रात्रभर मुरवून ठेवते, म्हणजे अख्खी राहतात. आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून हलवून मग भरते. लगेच भरलं तर फळं सगळी वर तरंगतात आणि खाली नुसता पाक.

चुलीपाशी | सकाळी ११:४४

टेबललँड, शेवटची टीप सोन्यासारखी. माझ्या बाटल्यांत दरवर्षी वर फळ, खाली पाक!

काटाकिलो | दुपारी १:०५

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा वापरा. तयार जॅम किंवा जेलीचं वजन घातलेल्या साखरेच्या साधारण दीडपट असतं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. समजा साखर ६०० ग्रॅम, पातेलं १२०० ग्रॅम. पातेल्यासकट वजन २१०० ग्रॅम भरलं की संपलं. दीडपटीत साखर पासष्ट टक्क्यांच्या आसपास येते, आणि जॅम टिकायला तेवढी लागतेच. मी सात-आठ वर्षं असाच करतो. उकळतं पातेलं उचलताना घरात लहान मूल जवळ नको आणि काट्यावर लाकडी पाट ठेवा, एवढीच काळजी.

निळीशाई | दुपारी १:२०

आणि काहीच नसेल तर फ्रीजरमधली ताटली. थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली तर झालं. थेंब टाकताना गॅस बंद ठेवा, नाहीतर आपण ताटली बघतो आणि तिकडे पातेल्यात जास्त होतं.

मडगावकर | दुपारी ३:४८

पेरूचा विषय आणि गोंय नाही, असं कसं चालेल? आमच्याकडे पेराड. पेरूचा गर चाळून, साखर आणि लिंबू घालून घोटत राहायचं. गोळा कडा सोडायला लागला की तूप किंवा लोणी लावलेल्या ताटात थापायचं आणि गार झाल्यावर वड्या. नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, दोदोल, नेवऱ्यांच्या शेजारी लाल चौकोन दिसले की ते पेराड. आंब्याचं केलं की मांगाड.

गंमत म्हणजे पेरू हे नावच पोर्तुगीज 'पेरा'वरून आलेलं मानतात, आणि पेरा म्हणजे नाशपाती. फळ अमेरिकेतलं, आणलं पोर्तुगिजांनी, नाव मिळालं भलत्याच फळाचं. मार्मालेडचंही तसंच. पोर्तुगीज 'मार्मेलु' म्हणजे क्विन्स हे नाशपातीसारखं फळ, त्याचा घोटलेला गोड गर ती मार्मेलाद. पुढे इंग्रजांनी ते नाव संत्र्याला लावलं.

निळीशाई | दुपारी ४:०२

आणि आपला मुरंबा अरबी-फारसी मुरब्ब्याकडून. बरणीत सगळं जग आहे.

दूरदेशी | ७ जानेवारी, रात्री ११:३०

न्यू जर्सीहून. इथे किराणा दुकानात पेक्टिनची पाकिटं सर्रास मिळतात. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं की दहा मिनिटांत जॅम. एवढे कष्ट का घ्यायचे? पेक्टिन काही रसायनशाळेत तयार झालेलं नाही, संत्र्याच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातूनच काढतात.

माजघर | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

दूरदेशी, पाकीट वाईट नाही. पण पाकिटाच्या कृतीत बहुतेक वेळा साखर फळाहून जास्त असते. मला तरी त्यात फळाची चव मागे पडल्यासारखी वाटते. आणि अबोलीला आईची जेली हवी आहे, तिच्या आईकडे पाकीट नव्हतं.

दूरदेशी | सकाळी ८:०५

साखरेचा मुद्दा बरोबर आहे. पाकीट वापरूनच केलेला माझा पीचचा जॅम मुलाला गोडमिट्ट लागला होता. इथे नोव्हेंबरात ताजी क्रॅनबेरी मिळते, तिला मात्र पाकीट लागत नाही. पाणी, साखर आणि फळ, तडतडून फुटली की गार होतानाच घट्ट. म्हणजे काका म्हणतात तेच, फळावर आहे.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी १०:१०

फळावरून आठवलं. आमच्या अमरावतीकडे लाल अंबाडीची बोंडं आता बाजारात आहेत. मधला बियांचा गोंडा काढून टाकायचा, भोवतीच्या लाल मांसल पाकळ्या तेवढ्या ठेवायच्या. पाकळ्या बुडतील इतक्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळलं की रस असा काही लालभडक येतो की डोळे निवतात. पेक्टिन त्यातच, आंबटपणा त्यातच, लिंबू लागत नाही. साखर पाऊणपट. माझी आत्या ही जेली भाकरीशी वाढते, सोबत लोणी. पेरूची नाही जमली तरी ही जमेल, अबोलीताई.

सोनकेळ | सकाळी १०:४०

कवठाचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठं आली की आमच्याकडे जेली ठरलेली. गर पाण्यात कुस्करून, उकळून, गाळून. गुळाच्या रंगाची होते आणि काहीही केलं तरी घट्टच होते. गाळायला मात्र वेळ लागतो.

बागवाले_काका | सकाळी ११:००

कवठ हे पेक्टिनचं कोठारच. अबोली, तुमच्या सहा बाटल्यांना तोच उपाय. एका कवठाचा किंवा अर्धा किलो कच्च्या पेरूंचा रस काढा, दोन बाटल्या सरबत आणि एका लिंबाचा रस त्यात घालून मोठ्या आचेवर पटकन उकळा. आधी दोनच बाटल्यांवर करून बघा. उरलेलं सरबत म्हणून फ्रीजमध्ये ठेवा. गार पाणी, लिंबू आणि चिमूटभर तिखटमीठ घालून उत्तम लागतं.

ओटीवरची | दुपारी २:२२

थोडा वेगळा प्रश्न. गेल्या वर्षीच्या मुरंब्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आली. सासूबाई म्हणाल्या वरचं काढ, खालचं चांगलं आहे. मी टाकून दिला. अख्खी बरणी होती, अजून वाईट वाटतं. चुकले का?

चुलीपाशी | दुपारी २:३०

आमच्याकडे वरचं काढूनच खात आलो आहोत सगळे. कुणाला काही झालं नाही.

बागवाले_काका | दुपारी ३:१५

ओटीवरची, तुम्ही बरोबर केलंत. दिसतो तो बुरशीचा वरचा कापूस, धागे खाली उतरलेले असतात आणि काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात, ती उकळूनही जात नाहीत. चुलीपाशी, कुणाला लगेच काही होत नाही म्हणूनच ती सवय टिकली आहे, पण कृपा करून सोडा.

बुरशी येते कशी, तर बहुतेक वेळा झाकणातून. गरम मुरंबा भरून वर गार झाकण लावलं की आतून वाफेचे थेंब पडतात आणि पृष्ठभागावरचा पाक तेवढ्यापुरता पातळ होतो. बाटल्या आणि झाकणं दहा मिनिटं उकळून घ्या, कोरडी करा, जेली कढत असतानाच काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावून दोन मिनिटं बाटली उलटी ठेवा. चिनी मातीच्या बरणीत भरायचं तर उलट, मुरंबा पूर्ण गार होऊ द्या, फडकं बांधा, मग झाकण. आणि चमचा कोरडा.

ओटीवरची | दुपारी ३:४०

मी गरम भरून लगेच झाकण लावलं होतं. धन्यवाद काका, सासूबाईंनाही वाचून दाखवते.

घनु | संध्याकाळी ६:००

बाबांना मधुमेह आहे. साखर निम्मी करून जॅम होईल का?

टेबललँड | संध्याकाळी ६:२५

होतो, पण त्याला जॅम न म्हणता शिजवलेलं फळ म्हणावं. घट्ट बसत नाही आणि बाहेर टिकत नाही. मी छोट्या बाटल्यांत करून फ्रीजमध्ये ठेवते, दोन आठवड्यांत संपवायचा. कमी साखरेत बसणारं वेगळ्या जातीचं पेक्टिनही मिळतं, त्याला कॅल्शियम लागतं. पण बाबांना फळातली साखरही मोजावी लागेल, डॉक्टरांना विचारूनच द्या.

अबोली | १८ जानेवारी, रात्री ८:५०

आज सविस्तर लिहिते, तुम्हा सगळ्यांचं देणं आहे.

मंडईतून २ किलो पेरू आणले. दीड किलोच्या वर करकरीत, बाकी पिकलेले. विकणाऱ्या मावशींना जेलीसाठी हवेत म्हटल्यावर त्यांनी अर्धा किलोचे कमी बियांचे मोठे पेरू बाजूला सारले आणि साधे गावठी निवडून दिले, "यालाच चिकी असते" म्हणाल्या. पातळ चकत्या, अडीच लिटर पाणी, अर्धा तास. पुरचुंडी रात्रभर नळाला टांगली. एकदाही हात लावला नाही, फार अवघड गेलं. सकाळी १.६ लिटर रस, पातळ ताकासारखा फिकट. याची लाल काच कशी होणार असं मनात आलं.

स्पिरिटची चाचणी केली. पेला तिरपा केला तर आधी एकच गुठळी वाटली, मग तिचे तीन तुकडे झाले. म्हणून साखर पाऊणपट, १२०० ग्रॅम. दोन घाणे केले, प्रत्येकी ८०० मिली रस, ६०० ग्रॅम साखर. पहिल्याला दीड लिंबू. मोठी आच. दहाव्या मिनिटापर्यंत फेस नुसता उसळत होता, मग बुडबुडे मोठे आणि आळशी झाले आणि रंग बदलायला लागला. आधी मध, मग तांबूस. अठराव्या मिनिटाला पातेलं वजा जाता ९०० ग्रॅम भरलं, थर्मामीटर १०२.५. पळी तिरपी धरली तर शेवटचे दोन थेंब एकमेकांकडे सरकले, जोडले आणि पापुद्र्यासारखे एकत्र गळले. आई पळी खिडकीच्या उजेडात धरून का उभी राहायची ते मला आज कळलं. ती हे दोन थेंब जुळायची वाट बघायची.

रात्री बाटली ताटलीत उलटी केली. उभी राहिली.

दुसऱ्या घाण्यात तीन लिंबं पिळली, आणखी चांगली होईल म्हणून. ती घट्ट आहे, पण बाटलीत कडेने पाणी सुटलंय. असं का?

जुन्या दोन बाटल्या कवठ घालून घट्ट झाल्या. चव पेरूची कमी, कवठाची जास्त, पण घरात संपली.

बागवाले_काका | रात्री ९:१२

वा! पाणी सुटलं ते जास्त लिंबाने. आंबटपणा वाढला की पेक्टिनचं जाळं फार आवळून धरतं आणि पाणी बाहेर ढकलतं. खायला काही हरकत नाही. वहीत "अंदाजाने"च्या पुढे दीड लिंबू लिहून ठेवा.

अबोली | रात्री ९:२०

लिहिलं. आईच्या अक्षराखालीच लिहिलं.

मडगावकर | रात्री ९:३५

अबोलीबाय, पुरचुंडीतला चोथा टाकला नाहीस ना? पुरणयंत्रातून काढ, बिया वर राहतात. गराच्या पाऊणपट साखर, एक लिंबू, जाड बुडाचं पातेलं. त्यातच पेराड होतं.

अबोली | रात्री ९:४१

फ्रीजमध्ये आहे, सव्वा किलोच्या आसपास. उद्या सकाळी घोटते. ताटाला तूप लावू की लोणी?

मडगावकर | रात्री ९:४३

लोणी. आणि लांब दांड्याचा कालथा घे, शेवटी गर उडतो आणि हाताला चटके बसतात.